वरचे पंख, खालचे पंख आणि प्रयागबाईंचं गाव

मी एक जुनं, चार माणसांना घेऊन उडणारं लहान विमान आहे, मित्रांनो. माझे पंख छताच्या वर आहेत, म्हणून नागपूरच्या आमच्या क्लबात मला सगळे छत्रीवाला म्हणतात. मला पाहून तुम्ही म्हणाल, हे कसलं विमान, ही तर पंख लावलेली जीप. म्हणा. आता मला कशाचंच फारसं वाईट वाटत नाही. माझा रंग बदलला, इंजिन बदललं, चाकं तर किती वेळा बदलली ते आमचे मेकॅनिक नत्थूजीच जाणोत. मूळचं असं माझ्यात आता उरलंय काय, तर थकवा.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथून पंख वेगळे, धड वेगळं, असा लाकडी खोक्यांत बसून मी बोटीनं आलो आणि मग ट्रकवरून नागपुरात. क्लबच्या पत्र्याच्या हँगरमध्ये मला जोडलं, नारळ फोडला, नाकावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, आणि त्याच दिवशी कोणाचं तरी कपाळ माझ्या पंखाच्या कडेवर आपटलं. पुढे ती रीतच पडली. माझ्या पंखाचं टेंगूळ ज्याच्या कपाळावर आलं नाही, तो आमच्या क्लबचा नव्हेच.

माझं काम शिकवण्याचं. पगारासाठी नाही, तर हौसेसाठी उडणारे खाजगी परवान्याचे वैमानिक मी घडवले. डॉक्टर, वकील, संत्र्याचे व्यापारी, सावनेरच्या खाणीतले एक इंजिनीयर, सगळे माझ्याच सीटवर घामाघूम झाले. कोणी मला धपकन आपटलं, कोणी बेडकासारखं उड्या मारत धावपट्टीवर नेलं. मी निमूट सोसलं. माझ्या पंखांतल्या दोन्ही टाक्यांतलं पेट्रोल आपल्याच वजनानं खाली इंजिनात उतरतं. चालकानं टाकीची कळ एकदा ‘दोन्ही’वर ठेवली की पुन्हा तिकडं पाहायचं काम नाही. दोन्ही बाजूंना दारं. खिडकीतून खाली पाहिलं की शेतं, नाले, रस्ते, सगळं उघडं. आणि उन्हाळ्यात विमानतळावर पाखरूसुद्धा फिरकत नाही, तेव्हा माझ्या पंखाखाली सावली. नत्थूजी तिथंच डबा खायचे आणि सभासद तिथंच गप्पा मारायचे. त्यामुळे क्लबातली कोणतीही गोष्ट मला कळल्यावाचून राहत नाही.

खोडीही आहेत माझ्यात, लपवत नाही. वळताना माझा पंख खाली येतो आणि जिकडं वळायचं तीच बाजू झाकतो. टाकीत किती पेट्रोल आहे ते पाहायला घोडी लावून वर चढावं लागतं. आडवा वारा सुटला की पंखांत हवा भरते आणि मी जमिनीवरसुद्धा डुलतो.

मग राणी आली. तिचे पंख पोटाखाली. पांढरीशुभ्र, अंगावर निळी रेघ, आणि टाकी पाहायची तर नुसतं वाकायचं. वळताना तिचा चालक आपल्या वळणाकडं अगदी स्पष्ट पाहू शकतो. उतरताना ती जमिनीजवळ आली की हवेच्या गादीवर तरंगत राहते, खाली बसायचं नाव घेत नाही. पण बसली की तिची पसरट चाकं अशी घट्ट टेकतात की वाऱ्याची काय बिशाद. मला म्हाताऱ्याला हेवा वाटला. खोटं कशाला बोलू?

त्या दिवसापासून क्लबात दोन तट पडले. एकाला वरचे पंख चांगले, दुसऱ्याला खालचे. राणीची बाजू घेणारेही वाद घालायला बसायचे माझ्याच सावलीत, हे विशेष. कारण राणीजवळ सावली कुठली? मे महिन्यात तिच्या पंखावर पाय ठेवला तर बूट चटचट करायचा, आणि आत बसलं की तंदूर. दार एकच, तेही उजव्या पंखावरून. आधी चालकानं आत सरकायचं, मग शेजारच्यानं बसायचं, उतरताना उलट. आणि खाली पाहायचं म्हटलं तर पंख आडवा. शिवाय तिच्या टाकीच्या कळीला ‘दोन्ही’ नाहीच. डावी किंवा उजवी. चालकानं आठवणीनं बदलत राहायचं. नाही बदललं, तर उजवी टाकी भरलेली असून डावीवर चालणारं इंजिन उपाशी मरतं.

तरी नव्याचे नऊ दिवस संपले नाहीत. सगळे राणीच मागू लागले. माझ्यावर धूळ बसली, कबुतरांनी जे करायचं ते केलं. त्याच सुमारास वैभवी आली.

वैभवी मिहानमध्ये मोठ्या विमानांच्या दुरुस्तीच्या कारखान्यात नोकरीला. मूळची कुही तालुक्यातली. आमच्या शिक्षिका अरुंधती मॅडमनी तिला विचारलं, की सगळे राणीवर शिकतायत, तुला हा म्हातारा कशाला हवा?

"मॅडम, मला खाली पाहायचं आहे," वैभवी म्हणाली.

तिचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं. गाव उठलं तेव्हा ती कडेवर होती. तिला त्यातलं काही आठवत नव्हतं. तिच्या आईला, प्रयागबाईंना, सगळं आठवत होतं. कुहीजवळ नव्या वस्तीत त्यांना घर मिळालं, धानाची थोडी शेतीही झाली, पण मन तिकडंच. कडक उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या गावातली विहीर, देवळाचा ओटा, घरांची जोती काही दिवस वर येतात, असं मासेमारी करणारे सांगत. चिखलामुळे तिथं पायी जाता येत नसे. प्रयागबाईंची एकच इच्छा होती, आपलं अंगण एकदा वरून पाहायचं. लेकीनं शब्द दिला होता, की परवाना मिळाला की पहिली तूच बसशील.

पोळ्याच्या आदल्या दिवशी प्रयागबाई क्लबात आल्या. डब्यात वडाभात होता आणि एका वाटीत हळद कालवलेलं तूप. आमच्याकडं त्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात आणि त्यांना जेवायचं बोलावणं देतात. प्रयागबाईंचा बैल आता उरला नव्हता. त्यांनी माझ्या पंखाला आधार देणाऱ्या दांड्याच्या सांध्याला ते तूप चोळलं, अगदी जोर लावून.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," त्या मला म्हणाल्या. मग नत्थूजींना विचारलं, "माह्या पोरीले हाच नेते न वर?"

"हाच नेते मावशी. थकला हाये, पर इमानदार हाये," नत्थूजी म्हणाले.

त्या गेल्यावर नत्थूजींनी ते तूप पेट्रोलच्या फडक्यानं पुसलं, कारण सांध्याला धूळ चिकटली असती. पण आधी त्यांनी फाटकाकडं पाहून त्या दिसेनाशा झाल्याची खात्री केली. मला इतक्या वर्षांत कोणी जेवायला बोलावलं नव्हतं. त्या दिवशी मला भरून आलं.

दिवाळीच्या सुमारास माझं दुखणं सुरू झालं. एका सिलिंडरला बारीक तडा होता. नत्थूजींनी कमिटीला सांगितलं, की भाग परदेशातून येतो, वेळ लागतो, आत्ताच मागवा. कमिटी म्हणाली, पाहू पुढच्या महिन्यात. उडतोय ना अजून? मी उडत होतो. पुढच्या महिन्यातही तेच उत्तर मिळालं. वैभवीला माझ्यावरच परवाना मिळाला, पेढे वाटले गेले, आणि एप्रिलमध्ये तडा वाढून मी ठोकळ्यांवर चढलो. तेव्हा कुठं भाग मागवला गेला.

मे महिना लागला. पाणी उतरलं. विहिरीचं तोंड दिसू लागलं, असा निरोप आला. पाऊस येईपर्यंत जेमतेम काही दिवस हातात होते आणि माझं इंजिन टेबलावर सुटं पडलेलं.

मग राणीच. अरुंधती मॅडमनी वैभवीला तिच्यावर नीट शिकवलं, परीक्षा घेतली. "छत्रीवाला आपलं आपण खातो," त्या म्हणाल्या. "हिला तू भरवायचं. कळ विसरू नकोस." वैभवीनं मान डोलावली. ती काही धांदरट मुलगी नाही. निघायच्या सकाळी तिनं वाकून दोन्ही टाक्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या. डावीत कमी होतं, उजवी भरलेली होती. कुही येईपर्यंत डावी वापरायची, मग बदलायची, असं तिनं ठरवलं. पुढचं सगळं तिनंच नंतर माझ्या पंखाखाली बसून मॅडमना सांगितलं, म्हणून मला ठाऊक.

धरणावर पोचल्या तेव्हा पाणी खरंच आटलं होतं. वैभवीनं जुन्या गावावर घिरट्या घालायला सुरुवात केली. प्रयागबाई उजव्या खिडकीला नाक लावून बसल्या होत्या.

"दिसलं का आई?"

"पंख दिसून राहिला वं. पांढराच पांढरा."

वैभवीनं विमान तिरकं केलं. पंख बरोबर गावावर येऊन बसला. तिनं वळण मोठं केलं, मग लहान केलं, मग उलटं घेतलं. आईला एकदा पाणी दिसायचं, एकदा आकाश, आणि गावाच्या जागी दर वेळी पंख. माझ्यावरून हेच गाव ताटात वाढल्यासारखं दिसलं असतं. वैभवीचं सगळं लक्ष पंखाच्या टोकाकडं आणि आईच्या चेहऱ्याकडं. हात माझ्या सवयीचे. माझ्याकडं टाकीची कळ कधी हलवावी लागतच नाही.

आणि इंजिन बंद पडलं.

पाण्यावर, एवढ्या उंचीवर, ती शांतता कशी असते ते मला माहीत आहे. वैभवीनं नाक खाली केलं, कारण वेग गेला की विमान पडतं. आधी तिचे हात भलतीकडंच गेले. मग कळीवर गेले. तिनं उजवी टाकी लावली, पंप सुरू केला. इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं आणि धरलं. पाणी तोवर बरंच जवळ आलं होतं. ती सरळ नागपूरकडं वळली.

एकच दार, म्हणून प्रयागबाई आधी उतरल्या. त्या माझ्या सावलीत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा असा फुलला होता की नत्थूजी डबा सोडून उठले.

"पाह्यलं गा नत्थूजी. सगळं पाह्यलं," त्या म्हणाल्या. "आधी तर काईच दिसे ना. मंग पोरीनं माह्यासाठी इंजन बंद केलं. कसं सामसूम झालं, अन् नाक खाली गेलं, अन् समोर आपलं गाव. विहीर, पार, अन् विहिरीपासून तिसरं आपलं अंगण. तुयशीचा ओटा हाये अजून. मी तर हात जोडले."

नत्थूजींनी वैभवीकडं पाहिलं. ती राणीच्या पंखावर दोन्ही हात टेकून उभी होती. त्यांना सगळं समजलं. ते फक्त म्हणाले, "बसा मावशी, पानी प्या."

वैभवीनं अरुंधती मॅडमना त्याच दिवशी खरं सांगितलं. मॅडम ओरडल्या नाहीत. पुन्हा परीक्षा होईपर्यंत उड्डाण बंद, एवढंच म्हणाल्या. वैभवी म्हणाली, "मी पुन्हा उडणारच नाही, मॅडम. माझी आई होती शेजारी."

"आईला सांगितलंस?"

"कशी सांगू? ती वस्तीभर सांगत सुटलीये, की पोरीनं माझ्यासाठी इंजिन बंद केलं."

वैभवी मग बरेच महिने आली नाही. राणी बिचारी कोपऱ्यात तोंड लपवल्यासारखी उभी असायची. खरं तर तिचा काय दोष? तिनं जे मागायचं ते पहिल्या दिवसापासून उघड मागितलं होतं. सभासदांचा वाद मात्र आता आणखी पेटला. एक जण म्हणाला, खालच्या पंखाची विमानं धोक्याची. दुसरा म्हणाला, वरच्या पंखानंच पोरीला आळशी केलं. दोघांचंही मला पटलं नाही आणि वाद घालायची ताकदही माझ्यात उरली नव्हती.

माझा भाग आला, इंजिन बसलं. हिवाळ्यात एका रविवारी प्रयागबाईच लेकीला हाताला धरून क्लबात घेऊन आल्या. त्यांना वाटत होतं, पोरगी नोकरीच्या कामानं येत नाही.

"हा बरा झाला न आता? मंग औंदा याच्यात नेजो मले," त्या माझ्या दांड्यावर थोपटत म्हणाल्या. "अन् मागल्यावानी इंजन बंद करजो."

वैभवी खाली बसली. तिनं सांगून टाकलं. टाकीचं सांगितलं, कळीचं सांगितलं, पाणी किती जवळ आलं होतं तेही सांगितलं. सांगताना ती रडत होती.

"पेट्रोल होतं न पर?" प्रयागबाईंनी विचारलं.

"होतं आई. दुसऱ्या टाकीत होतं. मीच बदलायला विसरली. याच्यावर बदलाव लागत नाही न."

"बैल बदलला अन् हाक जुनीच देल्ली तू," प्रयागबाई म्हणाल्या. "नवा बैल काय करन मंग?" भीती त्यांना आत्ता, इतक्या महिन्यांनी वाटत होती. त्यांनी लेकीचं डोकं मांडीवर घेतलं. "मराले टेकलो होतो, अन् मी हात जोडून बसली होती. पह्यलेच काहून नाई सांगितलं वं?"

"तू खूश होती."

"त्ये तर मी हावोच. पाह्यलं त्ये पाह्यलं. पर पुढं असं लपवजो नोको. अन् उडनं सोडजो नोको, मले याच्यातून जायचं हाये. बसल्या बसल्या, आरामात पाह्यचं हाये मले."

वैभवीनं पुन्हा परीक्षा दिली, आणि आधी राणीवरच दिली. मला ते आवडलं. दर उड्डाणात ती कळ फिरवताना तोंडानं मोठ्यानं म्हणू लागली, डावी, आता उजवी. मग माझ्यावर बसून कळ ‘दोन्ही’वर असली तरी तिला हात लावून म्हणायची, दोन्ही.

पुढचा मे आला. एका सकाळी प्रयागबाई माझ्या उजव्या दारातून चढल्या. नवं लुगडं नेसल्या होत्या. नत्थूजींनी काच दोनदा पुसली. मी जीव ओतून उडालो, मित्रांनो. सांधे दुखत होते, पण थरथर होऊ दिली नाही. कुही मागे गेली, धानाच्या रिकाम्या बांध्या गेल्या, आणि धरण आलं. वैभवीनं मला आईच्या बाजूनं वळणावर धरलं. माझ्या पंखानं झाकलं ते बाजूचं आकाश, खाली पाहायला काहीच आड नव्हतं. खालचं सगळं लख्ख दिसत होतं.

खाली पाणी होतं. या कडेपासून त्या कडेपर्यंत नुसतं पाणी. त्या साली धरण उन्हाळ्यातही भरलेलं ठेवलं होतं, ते आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

वैभवीनं एक फेरी घातली, मग आणखी एक. "आई, काहीच नाही गं."

प्रयागबाई काचेवर बोट टेकवून पाहत राहिल्या. मग त्यांनी बोट हलवलं. "ते बेट दिसते न, त्याच्या इकडं विहीर. तेथून पार. अन् तिसरं आपलं. पाह्यलं का?"

"पाहिलं," वैभवी म्हणाली.

"नीट पाह्य. तू लहान होती."

माझ्याखाली पाण्याशिवाय काहीच नव्हतं. तरी वैभवी नीट पाहत होती. मी जितकं हळू वळता येईल तितकं हळू वळलो.

परत आल्यावर नत्थूजींनी विचारलं, "काय दिसलं मावशी?"

"पानी दिसलं गा," प्रयागबाई म्हणाल्या. "बरं झालं, मागल्या साली पाहून घेतलं." आणि माझ्या सावलीत बसून त्यांनी डबा उघडला.

आता धरण दर उन्हाळ्यात भरलेलंच ठेवणार, असं म्हणतात. वरचे पंख बरे की खालचे, असं मला अजूनही कोणी ना कोणी विचारतं. मित्रांनो, ज्यात बसाल त्याला आधी विचारा, तुला काय लागतं, तुझं काय दुखतं. राणीला कळ फिरवणारा हात लागतो. मला एक सिलिंडर लागत होतं, आणि ते दिवाळीत मागवलं असतं तर त्या उन्हाळ्यात मी तयार असतो. गाव उघडं होतं तेव्हा मी ठोकळ्यांवर उभा होतो. जुन्या यंत्राचं दुखणं कोणी सांगितलं तर ‘पाहू पुढच्या महिन्यात’ म्हणू नका. माझी खिडकी नागपुरातल्या सगळ्या खिडक्यांत मोठी, असं नत्थूजी म्हणतात. तरी प्रयागबाईंचं अंगण मी पाहिलेलं नाही, आणि आता पाहणारही नाही.